तक्ता सुंदर आहे, पण तो शिकवतो का? भावी शिक्षकांना ‘दृश्य साक्षरता’ का हवी

सराव पाठांच्या दिवसांत कोणत्याही डी.एल.एड. किंवा बी.एड. कॉलेजात डोकावलात, तर एक दृश्य हमखास दिसतं. गुंडाळलेली कार्डशीट, पिशवीत फ्लॅश कार्डं आणि रात्री जागून रंगवलेला तक्ता घेऊन छात्राध्यापक वर्गाकडे निघालेले असतात. तक्त्याला चारही बाजूंनी वेलबुट्टीची चौकट असते, शीर्षकाला चमकी असते, अक्षरांना सावली असते. पाठ होतो, ‘साहित्य आकर्षक आहे’ असा शेरा मिळतो आणि तक्ता कपाटावर जाऊन पडतो.

एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाला त्या तक्त्यातलं नेमकं काय दिसलं? आणि जे दिसलं, त्यातून त्याला काय कळलं?

हा प्रश्न विचारायला शिकवणं म्हणजेच भावी शिक्षकांना दृश्य साक्षरता शिकवणं. त्यासाठी चित्रकला चांगली असावी लागत नाही. आपण कागदावर, फळ्यावर किंवा स्लाइडवर जे मांडतो, त्याकडे नजर कशी जाते हे समजून घ्यावं लागतं.

दृश्य साक्षरता म्हणजे काय?

अक्षरओळख झाली की माणूस वाचू आणि लिहू शकतो. तसंच चित्र, नकाशा, आलेख, फोटो, चिन्ह यांचा अर्थ लावता येणं आणि आपलं म्हणणं दृश्य रूपात नीट मांडता येणं, म्हणजे दृश्य साक्षरता. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन डेब्स यांनी ही संज्ञा पुढे आणली. ते कोडॅक या कॅमेरा कंपनीत शिक्षणविषयक काम पाहत होते.

कल्पना मात्र त्याहून खूप जुनी आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराविया भागात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचं ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांचं सचित्र पुस्तक १६५८ मध्ये छापलं गेलं. त्यात चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा दिलेला होता आणि तोच आकडा मजकुरातल्या शब्दाशेजारी होता. चित्र आणि शब्द एकमेकांना जोडले नाहीत तर मूल मधेच हरवतं, हे त्यांना साडेतीनशे वर्षांपूर्वी उमगलं होतं.

चित्र चुकलं की धडाही चुकतो

‘चित्र थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?’ असं वाटू शकतं. त्यासाठी ऋतूंचं उदाहरण पाहू.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे दाखवताना अनेक तक्त्यांवर कक्षा चांगलीच लांबट, अंड्यासारखी काढलेली असते. ते पाहून मूल सहज निष्कर्ष काढतं की पृथ्वी सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्याकडे थंडी असताना. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे. आणि कक्षा जवळजवळ गोलच आहे. ३० सेंटीमीटर रुंदीची कक्षा प्रमाणात काढली, तर तिची लांबी आणि रुंदी यांत मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढाही फरक पडत नाही. डोळ्यांना ते वर्तुळच दिसेल.

हा गैरसमज किती पक्का बसतो? १९८७ मध्ये अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा माहितीपट आला. त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात लोकांना ऋतू का होतात हे विचारलं, तेव्हा बहुतेकांचं उत्तर चुकलं. जवळ-लांब हेच कारण अनेकांनी दिलं. लांबट कक्षेचं चित्र हे या गैरसमजाचं एकमेव कारण नाही, पण ते त्याला खतपाणी घालतं. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, डोळ्यांनी पाहिलेलं राहतं. म्हणून चुकीचं चित्र चुकीच्या वाक्यापेक्षा जास्त काळ टिकतं.

सूर्यमालेच्या तक्त्याचंही तसंच. त्यात ग्रह एका रांगेत, सारख्या अंतरावर बसवलेले असतात. पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी, म्हणजे २ मिलिमीटरची धरली, तर सूर्य सुमारे २२ सेंटीमीटरचा, म्हणजे फुटबॉलएवढा होतो आणि तो मोहरीपासून सुमारे २३ मीटर लांब ठेवावा लागतो. हे कागदावर मावणार नाही, हे खरं. पण मग ‘हे चित्र प्रमाणात नाही’ एवढं तक्त्यावर लिहिणं आणि मैदानावर मोहरी आणि चेंडू ठेवून दाखवणं शिक्षकाच्या हातात आहे. चित्र काय सांगतं आणि काय लपवतं, हे ओळखणं हीच दृश्य साक्षरतेची पहिली पायरी.

नजर कशी चालते?

आपण तक्ता पुस्तकासारखा वरून खाली वाचत नाही. डोळा आधी गट शोधतो. जे जवळजवळ आहे ते एकत्र, जे सारखं दिसतं ते एका जातीचं, असं मेंदू आपोआप ठरवतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ मॅक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये हे नियम मांडले. त्यांना गेस्टाल्ट तत्त्वं म्हणतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या मेंदूची ‘हातातली’ जागा फार थोडी असते. नवी माहिती समजून घेताना एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवता येतात. ऑस्ट्रेलियातले संशोधक जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात यावरून बोधनभाराचा सिद्धांत मांडला. मुलाची ही जागा वेलबुट्टी पाहण्यात आणि बाण कुठून कुठे जातो ते शोधण्यात संपली, तर धड्यासाठी उरतं काय?

कामाची चार तत्त्वं

रॉबिन विल्यम्स यांनी (हॉलिवूडचे नट नव्हेत, याच नावाच्या लेखिका) १९९४ मध्ये डिझायनर नसलेल्या लोकांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात चार तत्त्वं सांगितली. जगभर नवख्यांना डिझाइन शिकवताना आजही तीच वापरली जातात. आपण ती पाचवीच्या ‘जलचक्र’ तक्त्यावर लावून पाहू.

समजा, तक्ता असा आहे. वर कमानीसारखं वळवलेलं शीर्षक. कोपऱ्यात हसरा सूर्य. पाच बाण, पाच रंगांचे, सगळे सारख्या जाडीचे. बाणांवर १ ते ५ आकडे आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्यांची नावं: बाष्पीभवन, संघनन वगैरे.

१. जवळीक: ज्याचा ज्याच्याशी संबंध, ते शेजारी ठेवा. ‘बाष्पीभवन’ हा शब्द थेट त्या बाणाला लागूनच लिहा. आकडा पाहा, खाली जा, नाव शोधा, परत वर या, ही पायपीट वाचते. कोमेनियसनी आकडे वापरले, पण चित्रातच शब्दांना जागा असेल तर आकड्यांची गरज नाही. तक्त्यावर ती जागा असते.

२. विरोध: जे महत्त्वाचं ते ठळकपणे वेगळं दिसू द्या. आजचा पाठ बाष्पीभवनाचा असेल, तर तोच बाण जाड आणि गडद. बाकीचे बारीक, फिक्या रंगात. सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक राहत नाही.

३. पुनरावृत्ती: एका अर्थाला एकच खूण. पाण्याची वाफ म्हणजे तुटक रेषेचा बाण, द्रव पाणी म्हणजे सलग रेषेचा बाण, असं ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. पाच बाणांना पाच रंग दिले, तर मूल विचारतं, ‘सर, हा बाण गुलाबी का?’ त्याला उत्तर नसतं. रंग बदलला की अर्थ बदलला, असंच डोळा समजतो.

४. ओळ धरणं: शब्द आणि चित्रं मनाला येईल तिथे न टाकता एका अदृश्य रेषेवर बसवा. मजकूर डावीकडून एका ओळीत सुरू करा. वळवलेलं, तिरकं, उभं लिखाण टाळा. नजरेला पुढची ओळ शोधावी लागत नाही.

या बदलांना एक रुपयाही जास्त लागत नाही. उलट चमकी, घोटीव कागद आणि वेळ वाचतो.

मग सजावट करायचीच नाही का?

वर्ग प्रसन्न असावा, याबद्दल वाद नाही. पण किती, हा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ॲना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या २४ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना विज्ञानाचे सहा पाठ शिकवले. तीन पाठांच्या वेळी भिंती चित्रांनी भरलेल्या, तीन पाठांच्या वेळी जवळपास मोकळ्या. भरगच्च वर्गात मुलांचं लक्ष जास्त वेळ भरकटलं आणि चाचणीत सरासरी ४२ टक्के उत्तरं बरोबर आली. मोकळ्या वर्गात ५५ टक्के. प्रयोग छोटा आहे, त्यावरून सगळ्या भिंती पुसून टाकायची गरज नाही. पण ‘जितकं रंगीत तितकं चांगलं’ हे गृहीत धरता येत नाही, एवढं नक्की.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (सांता बार्बरा) रिचर्ड मायर यांनी शब्द आणि चित्र एकत्र वापरताना काय उपयोगी पडतं यावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांचे तीन निष्कर्ष शिक्षकांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. विषयाशी संबंध नसलेली मजेदार चित्रं काढून टाकली तर शिकणं सुधारतं. महत्त्वाच्या जागेकडे बाण, ठळक शब्द अशी खूण केली तर मदत होते. आणि चित्र समजावून सांगत असताना तेच बोलणं पडद्यावर शब्दशः लिहून दाखवणं बहुधा अडथळाच ठरतं. स्लाइडवर परिच्छेद लिहून तोच वाचून दाखवण्याची सवय कॉलेजातच सुटली, तर पुढच्या कित्येक वर्गांचं भलं होईल.

देवनागरीची स्वतःची गरज

डिझाइनचे बहुतेक नियम रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेले आहेत. मराठी तक्त्याला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत.

आपल्या लिपीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार येतात. त्यामुळे दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर हवं, नाहीतर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना भिडतात. शब्द ‘मोकळा’ दिसावा म्हणून कॉम्प्युटरवर अक्षरांतलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. उलट, हाताने लिहिताना सरळ पट्टी लावून सलग शिरोरेषा ओढली, तर ‘ध’चा ‘घ’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. नुकतंच वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी हा फरक लहान नाही.

इंग्रजीत मोठी लिपी वापरून शीर्षक वेगळं करता येतं. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून शीर्षक वेगळं दाखवायला आकार, जाडी आणि मोकळी जागा हीच साधनं. पण जाडी फार वाढवली तर ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या पोटातली जागा बुजते. सावली आणि दुहेरी रेषा जोडाक्षरांना सर्वांत जास्त मारक. स्लाइड करायची असेल तर ‘एक टाइप’ या भारतीय अक्षरकारांच्या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट मोफत मिळतात. मजकुराला मुक्ता, शीर्षकाला बालू, एवढ्यावर भागतं.

रंग सगळ्यांना सारखा दिसत नाही

लाल आणि हिरवा यांत फरक करता न येणं हा रंगांधळेपणाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे. तो मुलींपेक्षा मुलांमध्ये अधिक असतो. वर्गात असं मूल असू शकतं आणि अनेकदा ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं. म्हणून ‘लाल भाग पाहा’ असं म्हणताना त्या भागावर नाव किंवा रेघांचा नमुनाही असावा. हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहिलेलं तर चांगल्या नजरेच्या मुलांनाही मागून दिसत नाही.

वेबसाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुलभता नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ असं प्रमाण सांगितलं आहे. कार्डशीटवर हे मोजता येत नाही, पण सोपी युक्ती आहे. मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग गेल्यावरही अर्थ कळत असेल, तर तक्ता पास.

कॉलेजात हे शिकवायचं कसं?

२०१४ च्या राष्ट्रीय नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात नाट्य व कला, तसंच माहिती-तंत्रज्ञान यांसाठी स्वतंत्र भाग आले. म्हणजे जागा आहे. व्याख्यानापेक्षा पुढचे सराव जास्त उपयोगी पडतात.

* पाच सेकंदांचा सराव: तक्ता पाच सेकंद दाखवून झाका. काय दिसलं ते प्रत्येकाने लिहायचं. बहुतेकांनी ‘चौकट’ लिहिलं, तर तक्त्याने चौकट शिकवली.
* शेवटचा बाक: तक्ता लावा, स्वतः मागे जाऊन बसा आणि वाचा. ज्याने तक्ता काढला त्याला तो पाठच असतो, म्हणून वाचायला दुसऱ्याला बसवा.
* काढून टाका: एकेक घटक हाताने झाका. झाकल्यावर अर्थ कमी झाला नाही, तर तो घटक नको होता.
* दुसरी आवृत्ती: नवा विषय न घेता तोच तक्ता पुन्हा काढायचा आणि प्रत्येक बदलाचं कारण एका वाक्यात लिहायचं. गुण या कारणांना द्यायचे.
* ‘छान’ला बंदी: एकमेकांच्या कामाबद्दल बोलताना ‘छान’, ‘आकर्षक’ हे शब्द वापरायचे नाहीत. ‘माझी नजर आधी इथे गेली’, ‘हे दोन बाण मला एकच वाटले’, असं बोलायचं.

शेवटचा सराव सर्वांत अवघड जातो आणि सर्वांत जास्त शिकवतो. कारण त्यात आवडीनिवडीची भाषा सुटून कारणांची भाषा येते.

खरी कसोटी मात्र मुलांसमोरच. अमेरिकेतल्या ॲबिगेल हाऊसन आणि फिलिप येनावाइन यांनी चित्रवाचनाची एक साधी पद्धत तयार केली. त्यात शिक्षक फक्त विचारत राहतो: चित्रात काय चाललंय, असं का वाटलं आणि आणखी काय दिसतंय. छात्राध्यापकाने आपल्याच तक्त्याबद्दल हे प्रश्न चार मुलांना विचारले, तरी निरीक्षकाच्या शेऱ्यापेक्षा जास्त माहिती मिळते.

याचा आपल्या मोबाइलशी काय संबंध?

थेट संबंध आहे. ज्या शिक्षकाला मांडणीने नजर कशी वळवता येते हे कळतं, तोच मुलांना सांगू शकतो की कोणीतरी तुमचीही नजर अशीच वळवतंय.

एखाद्या क्लासची जाहिरात घ्या. गेल्या वर्षी निकाल ९१ टक्के, यंदा ९३ टक्के. आलेख शून्याऐवजी ९० पासून सुरू केला, की पहिला स्तंभ एक घर उंच आणि दुसरा तीन घरं. आकडे खरे, पण डोळ्यांना वाढ तिप्पट. याचा अर्थ प्रत्येक आलेख शून्यापासूनच हवा असा नाही. तापाचा आलेख शून्यापासून काढला तर ९८ आणि १०३ यांतला फरक दिसणारच नाही. पण स्तंभांच्या उंचीची तुलना करायला लावणारा आलेख शून्यावर उभा हवा.

नकाशाचंही तसंच. मर्केटर यांनी १५६९ मध्ये समुद्रप्रवासासाठी केलेल्या नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. त्यात ग्रीनलंड भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. प्रत्यक्षात भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर आणि ग्रीनलंडचं सुमारे २२ लाख. नकाशा खोटा नाही, तो दिशा दाखवायला केला होता. आपण त्यात आकार वाचतो, हा घोळ.

सातवी-आठवीतल्या मुलाच्या हातात आज फोन असतो आणि त्यावर दिवसभर येतात ती मुख्यतः चित्रं: कापलेले फोटो, अर्धे आलेख, लाल गोल काढलेले स्क्रीनशॉट. ते पुढे ढकलण्याआधी ‘यात मला आधी काय दाखवलंय आणि काय वगळलंय?’ असं विचारायची सवय लागायची असेल, तर ती एखाद्या वेगळ्या तासाला लागणार नाही. ती रोजच्या फळ्यावरून, तक्त्यावरून, पुस्तकातल्या आकृतीवरून लागेल.

तुम्ही छात्राध्यापक असाल, तर पुढचा तक्ता काढण्याआधी एक ओळ वहीत लिहा: ‘हे पाहून मुलाला कोणती एक गोष्ट कळायला हवी?’ आणि पालक असाल, तर मुलाच्या प्रकल्पाला चमकी लावून देण्याऐवजी तोच प्रश्न त्याला विचारा. उत्तर एका वाक्यात आलं, तर पेन्सिल हातात घ्यायला हरकत नाही.